एकाच बोंडातली खसखस आणि अफू

आमच्या खाला हजला निघाल्या तेव्हा सगळे घर बॅग भरायला बसले होते. शेंगदाण्याची चटणी झाली, घरी कुटलेला मसाला झाला. भाचा सूचनांचा कागद वाचत होता. तो एकदम म्हणाला, "खाला, खसखस न्यायची नाही!" खाला चकित झाल्या. "अरे, शीरखुर्म्यात घालतो ती खसखस? तिने काय कुणाचे बिघडवले?"

प्रश्न रास्त होता. खसखस आपल्या कोर्म्याच्या वाटणात असते, शेजारच्या काकूंच्या अनारशांवर असते. पण ती ज्या झाडाची, त्याच झाडाची अफू. आणि त्याच अफूतून डॉक्टरांचे मॉर्फिन निघते. झाड एक, पण त्याच्या तीन गोष्टी तीन जागी शोभतात. ही ओळख नसली की माणूस फसतो.

खसखशीचे झाड कमरेएवढे किंवा थोडे उंच वाढते. थंडीत त्याला पांढरी किंवा जांभळट फुले येतात. पाकळ्या गळल्या की लिंबाएवढे हिरवे बोंड उरते. फारसीत 'पोस्त' म्हणजे साल, कवच. म्हणून उर्दूत या बोंडालाच पोस्त म्हणतात. 'खसखस' हा शब्द 'खशखाश'वरून आला आणि 'अफू' हा 'अफ्यून'वरून. इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वी आपल्या वैद्यक ग्रंथात अफूचे औषधी गुण आणि तिचे धोके, दोन्ही नोंदवले होते.

बोंड हिरवे असताना त्याच्या सालीला हलका चिरा दिला की पांढरा चीक पाझरतो. हवा लागून तो तपकिरी होतो, घट्ट होतो. हीच अफू. तिच्यात मॉर्फिन, कोडीन, थिबेन, पापावेरीन, नॉस्कॅपीन असे अनेक अल्कलॉइड असतात. मॉर्फिन साधारण दहावा हिस्सा भरते. जर्मनीतल्या सर्ट्युर्नर नावाच्या तरुण औषधनिर्मात्याने ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळे केले.

हा चीक सालीतल्या नलिकांत असतो, बियांत नसतो. बोंड वाळले की आत सुटे बी खुळखुळते, ती आपली खसखस. तिच्यात जवळजवळ निम्मे तेल, शिवाय प्रथिने आणि कॅल्शियम. म्हणून आपल्या कायद्याने अफूच्या बोंडाची व्याख्या करताना बी वगळले आहे. मात्र काढणीच्या वेळी चिकाचा अंश बियांना चिकटू शकतो. सौदी अरेबिया आणि अमिरातीत म्हणूनच खसखशीवर बंदी आहे. तिथे 'आमच्याकडे चालते' हे उत्तर चालत नाही. हज-उमराला किंवा आखाती देशात नोकरीला जाणाऱ्यांनी मसाल्याच्या तयार पुड्याही वाचून घ्याव्यात. त्यांतही खसखस असू शकते.

हा घोटाळा आपल्या बीड जिल्ह्यानेही पाहिला आहे. 2012 च्या सुरुवातीला परळी तालुक्यात पोलिसांनी अफूची शेती उघडकीस आणली. आम्ही खसखस म्हणून पेरली, असे काही शेतकऱ्यांचे म्हणणे होते. पण 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यासमोर ते पुरे पडत नाही. बी खाणे गुन्हा नाही. विनापरवाना झाड लावणे गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्र सरकार परवाने देते ते मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच. महाराष्ट्रात परवाना नाही. आपल्या जमिनीत अशी लागवड झाल्याचे कळताच जमीनधारकाने पोलिसांना कळवावे, असेही कायदा सांगतो. कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी 'जास्त भावाचे बी' आणून दिले, तर आधी विचारावे, मग पेरावे.

आता तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत जवळची आहे. माझ्या चुलत्यांना कर्करोग झाला. शेवटच्या महिन्यांत वेदना असह्य झाल्या तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. "ही तर अफू. शेवटी शेवटी हराम कशाला?" असे म्हणत घरच्यांनी त्या आठ दिवस दिल्याच नाहीत. ते आठ दिवस आम्ही सगळ्यांनी पाहिले. अखेर मशिदीतल्या मौलानांना विचारले. ते म्हणाले, "नशेसाठी घेणे हराम. उपचारासाठी जाणकार डॉक्टर देतो, तेव्हा ती दवा आहे." त्या रात्री चुलते शांत झोपले.

आपल्या मज्जातंतूंवर वेदना कमी करणाऱ्या नैसर्गिक रसायनांसाठी जागा असतात. मॉर्फिन नेमके तिथेच जाऊन बसते, म्हणून वेदना दबते. बद्धकोष्ठ, गुंगी हे त्रास होतात. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो आणि थांबूही शकतो. म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. पण त्यांच्या देखरेखीखाली घेतलेली गोळी म्हणजे व्यसन नव्हे. रुग्णालयांना मॉर्फिन मिळणे सोपे व्हावे म्हणून 2014 मध्ये कायद्यातही दुरुस्ती झाली.

उलट, जुन्या काळी गिरणीत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या बाळांना झोपवण्यासाठी अफूची गोळी देत. गरिबीने शिकवलेला तो उपाय बाळाच्या जिवावर बेतू शके. आजही कुणी बाळाला 'थोडीशी दे, गाढ झोपेल' म्हणाले, तर साफ नकार द्या.

खालांनी खसखशीची पुडी परत डब्यात ठेवली आणि म्हणाल्या, "परत आल्यावर शीरखुर्मा करू." केलाही. भाच्याने खसखस भाजता भाजता विचारले, "मग हे झाड चांगले की वाईट?" मी म्हटले, "झाडाला काय विचारतोस? माणसाला विचार, तू यातले काय घेतोस, किती घेतोस आणि कशासाठी."