घर गहाण टाकून आलेलं पदक

मैत्रिणींनो, गेल्या संक्रांतीच्या सुमारास आमच्या न्हावा-शेव्याच्या शाळेत सहावीच्या वर्गात नुसता हशा चालला होता. टीव्हीवर कुणीतरी जपानचे सुमो मल्ल पाहिले होते. केवढं ते पोट, केवढ्या त्या मांड्या! सुमोत वजनाचे गट नसतात, त्यामुळे जितका देह मोठा तितका फायदाच. मी विचारलं, "आणि आपला मल्ल कोण? ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारा पहिला?" वर्ग एकदम चिडीचूप. खरं सांगायचं तर, आठवडाभर आधी मलाही कुणी विचारलं असतं तर नाव पटकन आठवलं नसतं.

ते नाव खाशाबा दादासाहेब जाधव. आणि त्यांचं वजन? ज्या गटात त्यांनी पदक मिळवलं तो गट होता ५७ किलोचा. म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणींपेक्षा कमीच की!

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे लाल माती घरातूनच अंगाला लागली. पण शाळा सुटली नाही, हे आपण आयांनी लक्षात ठेवण्यासारखं. कऱ्हाडला टिळक हायस्कूल आणि पुढे कोल्हापूरला राजाराम कॉलेज. पुस्तक आणि आखाडा, दोन्ही बरोबरच चाललं.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले, कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. आयुष्य मातीत गेलेलं आणि तिथे कुस्ती गादीवर! तरीही सहावा नंबर आला. दुसरा कुणी यावर समाधान मानून घरी बसला असता. खाशाबांनी मात्र सराव आणखी वाढवला.

१९५२ ला ऑलिंपिक होतं फिनलंडमध्ये, हेलसिंकीला. निवडीच्या वेळीच अडथळा आला. एका गुणाने हार दिली गेली. ती त्यांना मान्य नव्हती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, कुस्ती पुन्हा झाली आणि त्यांनी ती जिंकून दाखवली. निवड झाली, पण जायला पैसा कुठे होता? गावकऱ्यांनी वर्गणी काढली. तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले.

मैत्रिणींनो, इथे मी वाचता वाचता थांबले. दागिना गहाण टाकतानाही आपला हात मागेपुढे होतो. इथे तर घर, आणि तेही पोटच्या मुलासाठी नाही, एका विद्यार्थ्यासाठी! खर्डेकरांच्या घरात त्या रात्री काय बोलणं झालं असेल, याची कुठे नोंद नाही. पण त्या घरातली माणसं 'हो' म्हणाली असतील म्हणूनच हे घडलं, असं मला आपलं वाटतं.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी मोठी झुंज झाली, त्यात ते हरले. असं सांगतात, की त्यानंतर नियमाने मिळायची ती विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं, आणि तक्रार करायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. ब्राँझ पदक हाती आलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला चव्वेचाळीस वर्षं लागली, ते १९९६ चं लिअँडर पेसचं.

गावी परतले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. खाशाबांनी कोल्हापूरला कुस्त्यांचा फड भरवला, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून आपल्या प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. सत्काराच्या हारांत माणूस उसनं विसरतो. हा विसरला नाही.

मग १९५५ साली पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी. सत्तावीस वर्षं सेवा करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. मात्र निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. दिल्लीच्या कुस्ती संकुलाला त्यांचं नाव लागलं २०१० साली. आणि आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. सगळं मिळालं, पण घ्यायला ते कुठे होते?

ज्या सुमो मल्लांना मुलं हसली, त्यांच्याकडे एक सुंदर रीत आहे. मोठा मल्ल निवृत्त होतो तेव्हा भरल्या सभागृहात त्याच्या डोक्यावरची केसांची गाठ कापतात. मित्र, चाहते एकेक करून येतात, कात्री लावतात आणि शेवटची कात्री गुरूची. तो मल्ल जिवंत असतो, समोर बसलेला असतो, सगळं पाहत असतो.

आपल्याला घर गहाण टाकायला कुणी सांगत नाही. पण आपल्या आळीत पहाटे धावणारी, तालमीत जाणारी एखादी पोर असेलच. 'मुलीच्या जातीला कशाला हे?' असं म्हणण्याआधी तिच्या आईकडे एकदा जाऊन या. आणि तुमच्या गावात जुना, थकलेला पैलवान असेल, तर पुढच्या संक्रांतीला तिळगूळ त्यांच्याही हातावर ठेवा. मुलांना बरोबर न्या आणि पाया पडायला सांगा. फोटोला हार घालण्याची वेळ येण्याआधी.