धुण्याचे पाणी : किती गार, किती गरम?

आमच्या मावशीने विणलेला मरून रंगाचा एक स्वेटर घरात बरीच वर्षे होता. कपडे धुण्याचे नवे यंत्र घरी आले त्या हिवाळ्यात, लोकरीचे कपडे वर्षातून एकदाच धुतले जातात तर ते चांगल्या गरम पाण्यात धुवावेत, अशा सद्हेतूने तो चादरींबरोबर ६० अंश सेल्सियसला लावण्यात आला. बाहेर आला तेव्हा तो सहा वर्षांच्या मुलाच्या अंगाला बसेल एवढा झाला होता आणि हाताला नमद्यासारखा लागत होता. दोष यंत्राचा नव्हता, साबणाचाही नव्हता. चूक बटण फिरवणाऱ्याची, म्हणजे प्रस्तुत लेखकाची होती.

गरम पाणी म्हणजे अधिक स्वच्छता, हे समीकरण आपल्याकडे जुने आहे. परिटाच्या भट्टीत धुण्याच्या सोड्यात भिजवलेले कपडे वाफेवर शिजत आणि पांढरेशुभ्र होऊन येत. मात्र भट्टीला जात असे ते मांजरपाटासारखे सुती, बहुतांशी पांढरे कापड. रेशमी सोवळे किंवा शाल भट्टीत घालण्याचे धाडस कोणी करीत नसे. त्यांच्यासाठी रिठ्याचे कोमट पाणी होते. हा विवेक बादली आणि धोपाटण्याबरोबरच मागे पडला. आता यंत्रावर ३०, ४०, ६०, ९० असे आकडे असतात आणि पुष्कळ घरांत, कोणी तरी एकदा लावून दिलेल्या आकड्यावरच सारे धुणे निघते.

हर्बर्ट झिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये धुण्याचे गणित चार गोष्टींत मांडले : उष्णता, रसायन, घासणे-आपटणे आणि वेळ. यांतील एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. गार पाण्यात कपडे निघतच नाहीत असे नाही. ते अधिक वेळ भिजवावे लागतात, एवढेच. उलट, पाणी तापवून वेळ वाचवता येतो, पण त्याची किंमत कापड मोजते.

डागांच्या बाबतीत हे गणित थोडे गुंतागुंतीचे होते. रक्त, दूध, अंडे हे प्रथिनांचे डाग. अंडे उकडले की पांढरे घट्ट होते, तसेच हे प्रथिन गरम पाण्यात गोठते आणि धाग्यांत घर करून बसते. म्हणून असे डाग आधी गार पाण्यातच भिजवावेत. तेला-तुपाची गोष्ट नेमकी उलटी. खोबरेल तेल थंडीच्या दिवसांत बाटलीत थिजते, हे आपण पाहतोच. सुमारे २५ अंशांच्या खाली ते घट्ट होते. तूप त्याहूनही थोड्या अधिक उष्णतेला पातळ होते. थिजलेल्या तुपावर साबणाचे फारसे चालत नाही. त्यासाठी ४० ते ५० अंशांचे पाणी हवे.

आता लग्नाच्या पंगतीत पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडले, असे समजू. त्यात डाळीचे प्रथिन आहे, तूप आहे आणि हळदही आहे. प्रथम गार पाणी, मग साबण लावून ४० अंशांच्या आसपासचे पाणी, हा क्रम उलटला की डाग कायमचा. साबण लागताच हळद लाल होते आणि आपण घाबरतो. पण हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कलीत रंग बदलते, त्याचा तो परिणाम असतो. कपडा चांगला खळबळला की पुन्हा पिवळेपण येते. ते पाण्याच्या उष्णतेने जात नाही, उन्हाने जाते. ओला सदरा कडक उन्हात वाळत घातल्यास कर्क्युमिन विघटित होऊन डाग फिका पडतो. चहाच्या डागावर उकळते पाणी ओतण्याचा युरोपीय सल्ला बिनदुधाच्या चहासाठी ठीक आहे. आपल्या चहात दूध असते. त्याची सुरुवात गार पाण्यानेच व्हावी.

साबणाच्या भुकटीत काय आहे, यावरही तापमान ठरते. १९१३ मध्ये ओटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या स्वादुपिंडातील विकरे, म्हणजेच एन्झाइम्स, कपडे धुण्यासाठी वापरण्याचे पेटंट घेतले. आजच्या भुकटीतील विकरे जिवाणू आणि बुरशीपासून मिळवलेली असतात. कोणी प्रथिन तोडते, कोणी पिष्ट, कोणी स्निग्धांश. ती साधारणपणे ३० ते ५० अंशांत उत्तम काम करतात. पाणी फार तापले तर त्यांचीच रचना मोडते. विकरे असलेली महाग भुकटी घेऊन ती उकळत्या पाण्यात टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणेच होय, अक्षरशः! ऑक्सिजन सोडणाऱ्या विरंजकांचे मात्र वेगळे. जर्मनीत १९०७ मध्ये आलेल्या ‘पर्सिल’मध्ये परबोरेट होते आणि त्याला काम करण्यासाठी ६० अंशांहून अधिक तापमान लागे. युरोपातील ‘उकळी धुलाई’ची सवय त्यातून रुजली आणि यंत्रावरचा ९० चा आकडा हा तिचाच वारसा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अशा विरंजकाला ४० अंशांतही जागे करणारी रसायने भुकटीत मिसळली जाऊ लागली, तेव्हापासून रोजच्या धुण्यासाठी त्या आकड्याची गरज उरली नाही.

तरीही काही वेळा ६० अंशांना पर्याय नाही. घरात दमेकरी किंवा सकाळी उठल्याबरोबर सटासट शिंकणारे मूल असेल तर त्याच्या चादरी आणि उशांचे अभ्रे याच तापमानाला धुवावेत. कोळ्याच्या कुळातले, जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचे माइट अंथरुणात आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि कोकणासारख्या दमट हवेत चांगलेच फोफावतात. त्यांच्या विष्ठेतील प्रथिनामुळे ॲलर्जी होते. हे प्रथिन गार पाण्यातही बरेचसे धुऊन जाते, पण माइट मरत नाहीत आणि काही दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. ५५ ते ६० अंशांना मात्र ते मरतात. घरात खरूज शिरली असेल तर रुग्णाचे कपडे आणि पांघरुणे ५० अंशांहून अधिक तापलेल्या पाण्यात किमान १० मिनिटे राहिली पाहिजेत. मलम सर्वांनी लावले आणि चादरी गारच धुतल्या, अशा घरात खाज पुन्हा परतण्याचा धोका राहतो. जुलाब-उलट्यांच्या रुग्णाचे कपडे, तान्ह्या बाळाची दुपटी आणि ओट्यावरची फडकी यांनाही हेच लागू.

पावसाळ्यात घरातच वाळवलेल्या कपड्यांना येणारा कुबट वास हा आणखी एक अनुभव. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी या वासामागे मोराक्झेला ओस्लोएन्सिस हा जिवाणू असल्याचे दाखवून दिले. गार धुण्यातून तो तगतो आणि कपडा हळूहळू वाळत असताना वाढतो. असे टॉवेल आणि बनियन सुती असल्यास एकदा ६० अंशांच्या पाण्यात भिजवून काढावेत. सुगंधी द्रावणाने वास केवळ झाकला जातो.

कापडाचे म्हणाल तर सुती आणि तागाच्या कापडाला उष्णतेचे भय नाही, भय असते ते रंगाचे. नवा गडद कपडा पहिले दोन-तीन वेळा गार पाण्यात, वेगळाच धुवावा. मिठाच्या पाण्याने रंग कायमचा पक्का होतो ही समजूत खरी नाही. फार तर त्या धुण्यापुरता तो कमी सुटतो. पॉलिएस्टरला ४० अंश पुरेत, अन्यथा चुण्या बसतात. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. उष्णता, ओल आणि घुसळणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. मावशीच्या स्वेटरचे हेच झाले. लोकर आणि धुता येण्याजोगे रेशीम ३० अंशांपर्यंत, हलक्या हाताने धुवावे. पैठणी मात्र घरी धुवूच नये. कपड्याच्या आतल्या चिठ्ठीवरील टबाच्या चित्रात जो आकडा असतो तो ‘याहून अधिक नको’ अशा अर्थाचा असतो, ‘एवढे हवेच’ अशा अर्थाचा नव्हे. आकड्याऐवजी ठिपके असल्यास एक म्हणजे ३०, दोन म्हणजे ४० आणि चार म्हणजे ६० अंश.

विजेचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने करता येतो. यंत्राने १५ लिटर पाणी २५ अंशांपासून तापवले, असे धरा. ४० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे पाव युनिट, ६० पर्यंत सुमारे ०.६ युनिट आणि ९० पर्यंत १.१ युनिटाहून अधिक वीज लागते. बोअरच्या जड पाण्यात तर पाणी जितके तापवावे तितका चुन्याचा थर तापकावर अधिक बसतो.

ज्यांच्या यंत्रात तापक नाही किंवा जे बादलीतच धुतात, त्यांना थर्मामीटर नसला तरी चालतो. नळाचे पाणी २५ अंशांचे असेल तर चार तांबे नळाच्या पाण्यात एक तांब्या उकळते पाणी घातल्यास ४० अंश होतात. निम्मे-निम्मे घेतल्यास ६० च्या थोडे वर. बादली आणि कपडे काही उष्णता शोषतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमीच भरते. विदर्भातल्या मे महिन्यात नळच पुरेसा कोमट असतो, तेव्हा उकळते पाणी कमी घ्यावे. बादलीत आधी गार पाणी ओतावे, उकळते नंतर, आणि घरात लहान मूल असेल तर ती बादली मोरीत ठेवून दार लावून घ्यावे.