मंगळावरचा गोठा केवढा?

पृथ्वीच्या हवेतले एक अब्ज रेणू मोजले, तर त्यात मिथेनचे सुमारे १,९०० निघतात. मंगळाच्या गेल विवरात फिरणाऱ्या ‘क्युरिऑसिटी’ या अमेरिकी बग्गीने अनेक वर्षं मोजून नोंदवलेली तिथली सरासरी आहे ०.४१. युरोप आणि रशियाचं ‘ट्रेस गॅस ऑर्बिटर’ मंगळाभोवती फिरत हेच मोजतं. त्याला मिथेन सापडलाच नाही. असला तर तो अब्जात ०.०५ पेक्षा कमी, असं त्याच्या चमूने २०१९ मध्ये जाहीर केलं आणि पुढे ही मर्यादा ०.०२ वर आणली. ग्रह एक, वायू एक, आणि दोन उत्तरांत किमान वीस पटींचा फरक. मंगळावर आज काही जिवंत आहे का, या प्रश्नाची गेल्या वीस वर्षांतली बरीचशी चर्चा या फरकाभोवती फिरते आहे.

मिथेनलाच एवढा भाव का? पृथ्वीवर तो बहुतांशी सजीवांकडून येतो: भातखाचरं, दलदली, गुरांची पोटं. कोळसा आणि खनिज तेलातून सुटणारा मिथेनही मुळात जुन्या जीवांचाच. मंगळावर मात्र तो टिकत नाही. सूर्याची अतिनील किरणं आणि हवेतली रसायनं त्याचे तुकडे करतात आणि साधारण ३०० वर्षांत सगळा हिशेब संपतो. म्हणजे आज तिथे मिथेन असेल, तर भूगर्भशास्त्राच्या भाषेत तो कालपरवाच कुठूनतरी आलेला असणार.

जुने आकडे तर याहून मोठे होते. २००३ मध्ये पृथ्वीवरच्या दुर्बिणींतून मंगळावर मिथेनचा एक लोट दिसला, त्यात अंदाजे १९,००० टन वायू असावा असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. २००४ मध्ये ‘मार्स एक्सप्रेस’ यानाने अब्जात १० हा आकडा दिला. त्यात चूकभूल पाचाची, म्हणजे निम्म्याची. ‘क्युरिऑसिटी’ला २०१३-१४ मध्ये काही काळ ७ च्या आसपास मिथेन दिसला आणि जून २०१९ मध्ये एकदम २१. बातम्या झाल्या. थोड्याच दिवसांत त्याच जागी पुन्हा मोजलं, तर १ पेक्षाही कमी.

हे आकडे टनांत मांडले की त्यांचं वजन कळतं. मंगळाची हवा विरळ, तिचा दाब आपल्याकडच्या ०.६ टक्के. त्या सगळ्या हवेचं वस्तुमान सुमारे २५ लाख कोटी टन भरतं. मिथेनचा रेणू कार्बन डायऑक्साइडच्या रेणूपेक्षा पावणेतीन पटींनी हलका, तेही हिशेबात धरायचं. मग अब्जात ०.०५ म्हणजे संपूर्ण ग्रहावर ५०० टनांच्या आत मिथेन. तो ३०० वर्षांत नष्ट होत असेल, तर पातळी कायम राखायला दरवर्षी दीड-पावणेदोन टनांची भर पुरते. एक गाय, जात आणि चारा यांनुसार, वर्षाला ५० ते १०० किलो मिथेन सोडते. म्हणजे अख्ख्या मंगळावर जास्तीत जास्त पंधरा-तीस गुरांचा गोठा. मर्यादा ०.०२ धरली तर गोठ्यात फार तर डझनभर गुरं मावतात. ‘क्युरिऑसिटी’चा ०.४१ हा आकडा सगळीकडे लागू केला, तरी गोठा सव्वाशे-अडीचशे गुरांचा. पृथ्वीवर दरवर्षी हवेत जाणारा मिथेन ६० कोटी टनांच्या आसपास आहे.

जून २०१९ चा २१ हा आकडा ग्रहभर खरा असता, तर मंगळाच्या हवेत जवळजवळ दोन लाख टन मिथेन असायला हवा होता. ३०० वर्षं टिकणारा वायू आठवड्याभरात नाहीसा होत नाही. तेव्हा तो झोत स्थानिक तरी असला पाहिजे, नाहीतर मंगळाचा नसलाच पाहिजे. दुसरी शक्यता नासाच्याच एका शास्त्रज्ञाने आग्रहाने मांडली आहे. ‘क्युरिऑसिटी’च्या लेझर-उपकरणाच्या पुढच्या कप्प्यात पृथ्वीवरून गेलेली हवा होती आणि तिच्यातला मिथेन मंगळाच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त. उपकरणाच्या चमूला हे ठाऊक होतं, कप्प्यातला मिथेन वजा करूनच ते आकडे देतात. पण वजा करायची रक्कम उरणाऱ्या रकमेपेक्षा खूप मोठी असली, की वजाबाकीतली बारीकशी चूकही उत्तर उलटवू शकते.

चमूचा प्रतिवादही ऐकण्यासारखा आहे. ‘क्युरिऑसिटी’ बहुतेक मोजमाप रात्री करते. तेव्हा हवा स्थिर असते, जमिनीतून झिरपलेला वायू तळाशीच साचून राहतो. ऑर्बिटरला मात्र क्षितिजावरचा सूर्यप्रकाश लागतो आणि तो जमिनीपासून काही किलोमीटर वरची हवा पाहतो. बग्गीने दिवसा मोजून पाहिलं तेव्हा तिलाही मिथेन दिसला नाही. हे पटतं, पण अर्धंच. गेल विवर मंगळावर एकमेव नाही. अशा जागा अनेक असतील, तर रात्रीचा तो वायू दिवसा वर जाऊन मिसळेल, वर्षानुवर्षं साठेल आणि कधीतरी ऑर्बिटरला दिसेलच. तो दिसत नाही. संपूर्ण ग्रहाचा प्रश्न असेल तर माझा कल ऑर्बिटरकडे आहे. त्याला काहीच न सापडणं, हे या प्रकरणातलं सगळ्यात भरवशाचं मोजमाप वाटतं.

आपल्या मंगळयानावरही मिथेन मोजायचा संवेदक होता, वजन तीन किलोच्या आत. ४५० कोटींच्या त्या मोहिमेने २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळ गाठला, हा पराक्रम निर्विवाद. मिथेनच्या वादात मात्र तिचा आकडा नाही, कारण त्या संवेदकाची माहिती पुढे पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करतो ते टिपायला वापरली गेली. अब्जात एक भाग मोजणं किती अवघड आहे, याची ही घरची साक्ष.

आणि समजा, पंधरा गुरांचा गोठा खरंच असला. त्यात गुरंच आहेत कशावरून? ऑलिव्हिन नावाचं खनिज पाण्याशी संयोग पावलं की हायड्रोजन सुटतो, तो कार्बन डायऑक्साइडशी जुळला की मिथेन बनतो. मंगळाच्या दगडांत ऑलिव्हिन भरपूर आहे. उल्कांच्या धुळीतल्या सेंद्रिय द्रव्यावर अतिनील किरणं पडली तरी थोडा मिथेन निघतो. वर्षाला दीड टन हे दगडांना मुळीच जड नाही. परग्रहावरच्या जीवसृष्टीचा कुठलाही दावा समोर आला, की सापडलेल्या आकड्याआधी दुसरा एक आकडा विचारायला हवा: जीव नसतानाही हे किती सापडलं असतं? तो आकडा कळेपर्यंत पहिल्याला फारशी किंमत नाही.

‘व्हायकिंग’चं असंच झालं. १९७६ मध्ये या जोडीतल्या दोन्ही यानांनी मंगळाच्या मातीत कार्बन-१४ असलेलं पोषक द्रव टाकलं आणि किरणोत्सारी वायू बाहेर आला. तीच माती आधी १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, तर वायू आला नाही. जंतू उष्णतेने मेले असावेत, असंच वाटावं. प्रयोगाचे जनक गिल्बर्ट लेव्हिन २०२१ मध्ये वारले, तोवर आपल्याला जीव सापडला या मतावर ते ठाम होते. पण द्रव दुसऱ्यांदा टाकल्यावर वायू वाढला नाही, उलट थोडा कमी झाला. भुकेले जंतू असं वागत नाहीत. २००८ मध्ये ‘फिनिक्स’ यानाला मंगळाच्या मातीत अर्ध्या टक्क्याच्या आसपास पर्क्लोरेट सापडलं आणि त्यावर किरणोत्साराचा मारा झाल्यावर तयार होणारी द्रव्यं पोषक द्रवाशी अशीच वागतात, हे २०१३ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. जीव नसतानाचा आकडा कळायला ३७ वर्षं लागली.

सौरमालेबाहेर हे आणखी कठीण. १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहावर डायमिथाइल सल्फाइडसारखा वायू असल्याचं खगोलशास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या चमूने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं. पृथ्वीवर तो समुद्री सूक्ष्मजीव बनवतात. हा संकेत निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता ०.३ टक्के, असं त्यांचं गणित होतं. पण ०.३ टक्के ही आकडेवारीतल्या योगायोगाची शक्यता आहे, निर्जीव रसायनाची नव्हे. तोच वायू ६७पी या धूमकेतूवरही सापडला आहे, आणि धूमकेतूवर समुद्र नाही.

या सगळ्यात माझ्या मते सध्या सर्वात वजनदार आहे तो जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेला के२-१८बीचा वर्णपट नव्हे, जेमतेम मीटरभर लांबीचा एक दगड. ‘पर्सिव्हरन्स’ बग्गीला जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवरातल्या एका कोरड्या नदीपात्रात तो दिसला. त्याला ‘चेयावा फॉल्स’ नाव दिलं. त्यावर बिबट्याच्या कातडीसारखे, कडा गडद असलेले ठिपके आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार त्या ठिपक्यांत व्हिव्हियनाइट हे लोहाचं फॉस्फेट आणि ग्रेगाइट हे लोहाचं सल्फाइड असावं. शेजारीच सेंद्रिय कार्बन आहे. पृथ्वीवरच्या चिखलात ही खनिजं पुष्कळदा सूक्ष्मजीवांच्या खाण्यापिण्यातून तयार होतात. जीवांशिवायही होतात, पण सल्फाइड तसं बनायला सहसा शंभर अंशांहून बरीच जास्त उष्णता लागते आणि हा दगड तेवढा तापल्याच्या खुणा दिसत नाहीत. इथे निदान जीव नसतानाच्या आकड्यावर कुणीतरी काम केलेलं आहे. म्हणूनच शास्त्रज्ञ या खुणेला जपून ‘संभाव्य’ म्हणतात.

पुढचं काम बग्गीच्या आवाक्यातलं नाही. लोह, गंधक आणि कार्बन यांच्या समस्थानिकांचं प्रमाण पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत मोजावं लागेल. त्या दगडाचा तुकडा ‘सफायर कॅन्यन’ नावाने एका नळीत बंद करून बग्गीच्या पोटात ठेवलेला आहे. तो आणायचा तर मूळ योजनेचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत आणि नमुने २०४० मध्ये हाती, असा हिशेब नासाने एप्रिल २०२४ मध्येच दिला आणि स्वस्त पर्याय शोधायला घेतले. चीनचं ‘थ्येनवन-३’ २०२८ च्या सुमारास निघून २०३१ पर्यंत निदान ५०० ग्रॅम माती-दगड आणेल अशी योजना आहे, पण ते स्वतः उतरेल तिथले. जेझेरोतली नळी त्यात नाही.