कोसंबींचा निबंध शोधताना : गणितातील संदर्भसूचीचे मोल

शोधनिबंध लिहून झाला, सिद्धता पुन्हा पुन्हा तपासून झाली, की शेवटी उरते ती संदर्भसूची. अनेक तरुण संशोधकांना हे काम कारकुनी वाटते आणि नियतकालिकाच्या संपादकांकडून निबंध परत येतो तोही बहुधा याच पानांवरील खुणांसह. गणितात मात्र या पानांचे महत्त्व इतर शास्त्रांपेक्षा कांकणभर अधिकच आहे. प्रयोगावर आधारलेला निष्कर्ष नव्या उपकरणांपुढे मागे पडू शकतो. नीट सिद्ध झालेले प्रमेय जुने होत नाही. त्यामुळे ऐंशी वर्षांपूर्वीचा निबंधही आजच्या सिद्धतेत आधार म्हणून येतो आणि तो वाचकाला सापडावाच लागतो.

गोव्यात जन्मलेले गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या लेखनाकडे या दृष्टीने पाहिले, तर संदर्भाच्या जवळजवळ प्रत्येक नियमामागचे कारण उमगते.

कोसंबींनी १९४३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. यादृच्छिक प्रक्रियेचे विश्लेषण परस्परलंब फलनांच्या श्रेणीत कसे करावे, हा त्याचा विषय. पुढे याच दशकात कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तेथवर मजल मारली आणि प्रमेय त्या दोघांच्याच नावे रूढ झाले. अलीकडे काही लेखक त्याला कोसंबींचेही नाव जोडतात. ज्याला हे श्रेय योग्य ठिकाणी नोंदवायचे आहे, त्याला आपल्या सूचीत अशी नोंद करावी लागेल : द. ध. कोसंबी, स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस, जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी (नवी मालिका), खंड ७ (१९४३), ७६–८८.

गणिती नियतकालिकांत सर्वसाधारणपणे हाच क्रम चालतो. प्रथम लेखक, मग तिरक्या अक्षरांत शीर्षक, नियतकालिकाचे ठरलेले संक्षिप्त नाव, ठळक अक्षरांत खंड, कंसात वर्ष आणि शेवटी पृष्ठे. सूची बहुधा लेखकांच्या आडनावांनुसार लावतात, नोंदींना क्रमांक देतात आणि निबंधाच्या ओघात तो क्रमांक चौकोनी कंसात येतो. केवळ क्रमांकावर थांबू नये. तीनशे पानांच्या ग्रंथाचा हवाला देताना 'प्रमेय २.१' असा नेमका निर्देश केला नाही, तर शोधण्याचे ओझे वाचकाच्या माथी पडते.

वरील नोंदीतील 'नवी मालिका' हे शब्द अनावश्यक वाटतील. ते गाळून पाहावे. या नियतकालिकाने १९३४ पासून खंडांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू केले. त्यामुळे सातवे खंड दोन आहेत : एक १९४३ चा, दुसरा १९१५ चा. वर्ष लिहिताना चूक झाली आणि मालिकेचा उल्लेखही नसला, तर कोसंबींना शोधणारा वाचक थेट रामानुजन यांच्या निबंधांमध्ये जाऊन पोहोचेल; कारण १९१५ च्या सातव्या खंडात रामानुजन यांचे लेखन आहे.

अशा चुकीची किंमत मोठ्या विद्यापीठातल्या संशोधकाला फारशी जाणवत नाही. ग्रंथालय हाताशी असते. मध्य प्रदेशातील बालाघाटसारख्या जिल्ह्याच्या गावी गणित शिकवणाऱ्या प्राध्यापकाची स्थिती वेगळी. जुना खंड पाहायचा तर त्याला नागपूर किंवा जबलपूर गाठावे लागणार, किंवा कुणाकडून तरी पृष्ठांची प्रत मागवावी लागणार. एका आकड्याच्या चुकीने त्याची फेरी वाया जाते. याच गावाच्या नावावरून आणखी एक नियम समजतो. मराठी वाचकाच्या मनात बालाघाट म्हटले की मराठवाड्यातील डोंगररांग उभी राहते. म्हणून लेखकाचा पत्ता किंवा प्रकाशनस्थळ लिहिताना गावाच्या नावाची पुनरावृत्ती संभवत असेल, तर राज्याचे नावही द्यावे.

जी गत गावांची, तीच व्यक्तींची. 'डी. डी. कोसंबी' ही आद्याक्षरे पुत्राची जशी आहेत तशीच पित्याचीही आहेत. बौद्ध वाङ्मयाचे पंडित धर्मानंद दामोदर कोसंबी हे पिता. गणिती दामोदर धर्मानंद हे पुत्र. पुत्राने संस्कृत ग्रंथांचेही संपादन केल्यामुळे विषयावरून तर्क करणेही नेहमी सुरक्षित नाही. गोंधळाची शक्यता असेल तेथे पूर्ण नाव लिहिणे श्रेयस्कर.

नाव जसे छापले तसेच द्यावे, हाही नियम आहे. १९६० च्या दशकात कोसंबींनी काही निबंध 'एस. ड्यूक्रे' या टोपणनावाने प्रसिद्ध केले. त्यांची नोंद ड्यूक्रे या नावानेच करावी आणि खरे नाव कंसात जोडावे. अन्यथा अनुक्रमणिकेत निबंध सापडणार नाही. नियतकालिकाचे नावही आपल्या समजुतीने 'सुधारू' नये. मूळ संख्यांशी निगडित असलेला कोसंबींचा १९५९ चा एक निबंध कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात आला आहे. हे विचित्र वाटले, तरी खरे आहे.

वर्षाचीही तीच कथा. जनुकांमधील अंतर मोजण्याविषयीचा त्यांचा प्रसिद्ध निबंध काही ठिकाणी १९४३ चा, तर काही ठिकाणी १९४४ चा म्हणून नोंदला जातो. दुसऱ्याच्या सूचीतून नोंद उचलली की दुसऱ्याची चूकही आपली होते. म्हणून मूळ निबंध डोळ्यांखालून घातल्याशिवाय त्याचा हवाला देऊ नये, हा संकेत.

हा संकेत किती आवश्यक आहे, याचा मासला खुद्द कोसंबींनीच ठेवला आहे. अलीगढला असताना सहकारी आंद्रे वेय यांच्या सूचनेवरून त्यांनी १९३१ साली 'बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेया'वर निबंध लिहिला आणि ते प्रमेय अस्तित्वातच नसलेल्या एका रशियन गणितीच्या नावावर घातले. पुढे वेय आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी हेच नाव आपल्या समूहासाठी घेतले. तो विनोद होता आणि एका विशिष्ट वर्तुळापुरता होता. आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने लेखक, शीर्षक, खंड, पृष्ठे यांसह हुबेहूब खऱ्या वाटणाऱ्या पण अस्तित्वात नसलेल्या नोंदी रचून देतात. त्यात विनोद नाही.

पडताळणीची साधने आता घरबसल्या मिळतात. 'मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज' १९४० पासून निबंधांची नोंद ठेवते आणि नियतकालिकांची प्रमाण संक्षिप्त नावे तिच्याच यादीवरून घेतली जातात. 'झेडबीमॅथ' हा संग्रह २०२१ पासून सर्वांना विनामूल्य खुला आहे. तेथून घेतलेली नोंद 'बिबटेक'च्या फाइलमध्ये ठेवली, की प्रत्येक नियतकालिकाच्या शैलीनुसार मांडणी संगणकच करतो. डीओआय क्रमांक असेल तर तोही द्यावा. 'अर्काइव्ह'वर वाचलेला निबंध नंतर छापून आला असेल, तर छापील आवृत्तीची नोंद करावी. दोन्हींत प्रमेयांचे क्रमांक बदललेले असू शकतात.

मांडणी संगणकावर सोपवता येते. खरेपणाची जबाबदारी नव्हे. पणजीत कोसंबींच्या नावाने विचार महोत्सव भरतो, व्याख्याने होतात. त्यांच्या गणिताचा सन्मान मात्र संशोधकाच्या सूचीतील त्या एका ओळीत आहे. ती अचूक असली, तरच पुढचा वाचक त्यांच्यापर्यंत पोहोचतो.