जेन्किन्सचं बिऱ्हाड

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चौघांचा असतो आणि चौघांचे लॅपटॉप चार तऱ्हांचे असतात. कोणाकडे जावा १७, कोणाकडे २१, एकाचं विंडोज तर दुसऱ्याचं उबुंटू. डेमोच्या दिवशी एक्स्टर्नलसमोर बिल्ड फुटतो आणि मग ते अजरामर वाक्य ऐकू येतं, "सर, माझ्या मशीनवर चालत होतं!" या वाक्यावर मार्क मिळत नाहीत, हे सांगायला नकोच.

यावरचा उपाय म्हणजे ऑटोमेशन सर्व्हर. चौघांपैकी कोणीही कोड पाठवला की तो लगेच ओढून घ्यायचा, बिल्ड करायचा, टेस्ट चालवायच्या आणि फुटलं तर त्याच वेळी सांगायचं. हे काम न थकता करणारा सर्वांत परिचित गडी म्हणजे जेन्किन्स. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणाऱ्या कोहसुके कावागुची यांनी २००४ मध्ये तो लिहायला घेतला, तेव्हा त्याचं नाव हडसन होतं. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, नावाच्या हक्कावरून बिनसलं आणि २०११ मध्ये बहुतेक मंडळी 'जेन्किन्स' हे नवं नाव घेऊन बाहेर पडली. त्याच्या बोधचिन्हात सुटाबुटातला बटलर आहे, तो उगाच नाही.

न्हावा-शेव्याचा डबा

जेन्किन्स जावावर चालतो. तो थेट मशीनवर बसवायचा तर जावाची योग्य आवृत्ती, सर्व्हिस, फाइलींच्या परवानग्या असं सगळं जुळवावं लागतं, आणि मशीन बदललं की पुन्हा पहिल्यापासून! म्हणून हल्ली तो कंटेनरमध्ये बसवतात.

कंटेनर म्हणजे काय, हे बेलापूरकरांना वेगळं शिकवायला नको. उरण फाट्यावर पाच मिनिटं उभं राहा, बंदराकडे जाणारे ट्रेलर दिसतील. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. तिथली क्रेन डब्यात कापूस आहे की कॉम्प्रेसर हे विचारत नाही. डब्याची मापं आणि कोपऱ्यांवरच्या पकडी ठरलेल्या असल्या की झालं. तोच डबा जहाजावर, रेल्वेवर आणि ट्रेलरवर बसतो. १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने ५८ डबे जहाजावर चढवून ही पद्धत रुळवायला सुरुवात केली. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने हीच युक्ती सॉफ्टवेअरला लावली. प्रोग्रॅम, त्याची जावा आणि लायब्ररी एकाच 'इमेज'मध्ये बांधायच्या. त्या इमेजवरून उठवलेला चालता डबा म्हणजे कंटेनर.

पण एक फरक नीट लक्षात ठेवा. बंदरावरचा डबा वर्षानुवर्षं वापरतात. सॉफ्टवेअरचा कंटेनर मात्र मोडून टाकण्यासाठीच असतो. नुसता थांबवून पुन्हा सुरू केला तर आतलं शाबूत राहतं. पण आवृत्ती वाढवायची म्हणजे जुना कंटेनर काढून नव्या इमेजवरून दुसरा उठवायचा. अशा वेळी त्याच्या पोटात लिहिलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, ते विंचवाला ठीक आहे. जेन्किन्सचं बिऱ्हाड कंटेनरच्या पाठीवर ठेवू नका. साऱ्या लेखाचा मुद्दा हाच.

बिऱ्हाड ठेवायचं कुठे?

जेन्किन्सची सगळी मिळकत 'जेन्किन्स होम' या एकाच डिरेक्टरीत असते. जॉब, प्लगइन, बिल्डचा इतिहास, युजर, पासवर्ड, सगळं तिथे. म्हणून आधी डॉकरमध्ये नाव देऊन एक व्हॉल्यूम तयार करा आणि कंटेनर उठवताना तो या डिरेक्टरीवर जोडा. इमेज जेन्किन्स प्रकल्पाची स्वतःचीच घ्या, 'एलटीएस' टॅगची, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी.

इथे एक छुपा खड्डा आहे. व्हॉल्यूम दिला नाही तरी सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं, कारण डॉकर गुपचूप एक बिननावाचा व्हॉल्यूम करून देतो. पण पुढचा कंटेनर उठवला की त्याला दुसराच कोरा व्हॉल्यूम मिळतो. जुना अडगळीत पडतो, आणि कोणी डिस्क साफ करायला घेतली की कायमचा जातो.

आता पोर्ट. ८०८० वर वेबपान उघडतं. ५०००० हे बाहेरून जोडल्या जाणाऱ्या एजंटांसाठी असतं. आपल्या मशीनवर बऱ्याचदा टॉमकॅट किंवा ओरॅकल एक्सई आधीच ८०८० अडवून बसलेलं असतं. मग बाहेरचं ८०८१ आतल्या ८०८० ला जोडा, काम झालं. पहिल्यांदा पान उघडलं की तो एक लांबलचक पासवर्ड मागतो. तो कंटेनरच्या लॉगमध्येच छापलेला असतो. पुढे सुचवलेले प्लगइन घ्या, आपला अ‍ॅडमिन युजर तयार करा.

व्हॉल्यूमऐवजी मशीनवरचाच फोल्डर जोडलात आणि 'परवानगी नाही' अशी ओरड आली, तर घाबरू नका. कंटेनरातला जेन्किन्स रूट नसतो, १००० क्रमांकाचा युजर असतो. फोल्डरची मालकी त्या क्रमांकाला द्या. त्रासून सगळ्यांना सगळी मुभा देणं हा उपाय नव्हे!

कुबरनेटीसवर

मशीन एकच असेल तर डॉकर पुरे. अनेक मशीन असतील तर गूगलने २०१४ मध्ये खुलं केलेलं कुबरनेटीस लागतं. इथे कंटेनर 'पॉड'मध्ये राहतो, आणि पॉड आज या मशीनवर तर उद्या त्या मशीनवर. म्हणून टिकाऊ डिस्कची मागणी आधी नोंदवायची आणि ती पॉडला जोडायची. मुख्य जेन्किन्स मात्र एकच ठेवा. एकाच होमवर दोन जेन्किन्स बसवले तर दोघे मिळून फाइलींची वाट लावतील. वाढवायचे ते एजंट. बिल्ड आला की एजंटचा पॉड जन्मतो, काम करतो आणि नाहीसा होतो.

ओपनशिफ्टवर बसवणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. तिथे नेहमीच्या सेटिंगमध्ये कंटेनरला मनमानी युजर क्रमांक मिळतो. त्यामुळे '१००० ला मालकी दिली' हे तिथे चालत नाही, परवानग्या ग्रुपमार्फत द्याव्या लागतात.

किल्ली कोणाच्या हाती?

जेन्किन्सच्या आतून डॉकर चालावा म्हणून पुष्कळ जण मशीनचं डॉकर सॉकेट कंटेनरला देऊन टाकतात. सोयीचं आहे खरं, पण मग जो कोणी जॉब लिहू शकतो त्याच्या हाती जवळजवळ अख्ख्या मशीनचं रूट पडतं. लॅबच्या सर्व्हरवर असं करण्याआधी लॅब असिस्टंटना विचारा. आणि बिल्ड मुख्य जेन्किन्सवर न चालवता एजंटवर चालवा.

सबमिशनच्या आधी

बॅकअप घेताना अख्खं होम घ्या. त्यातला 'सिक्रेट्स' फोल्डर राहून गेला तर साठवलेले पासवर्ड परत उलगडत नाहीत.

शेवटची परीक्षा स्वतःच घ्या. बॅकअप हाताशी आहे ना, हे बघून एखाद्या निवांत रविवारी कंटेनर मुद्दाम काढून टाका आणि त्याच व्हॉल्यूमवर नवा उठवा. जॉब जागेवर दिसले, जुना पासवर्ड चालला, तर बसवणं पूर्ण झालं. नाही दिसले, तर ते डेमोच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा रविवारी कळलेलं बरं!