जुनी काच आणि चैत्राचा उजेड

चैत्र जवळ आला की वरवंडच्या शिवाराचे रूप पालटते. शाळूची मळणी आटोपून कडब्याच्या गंजी उभ्या राहिलेल्या असतात, उसाच्या खोडव्याला पाणी सुरू असते आणि पुणे-सोलापूर रस्त्याकडेचा कडुनिंब मोहोराने भरलेला असतो. याच दिवसांत घरोघरी झाडलोट निघते. पाडव्यापूर्वी माळा रिकामा होतो आणि त्यावरून बहुधा एक जुने खोके खाली येते. पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले सहा पेले, नक्षीचा एक जग, झाकण हरवलेली बरणी आणि कडेला लाटांसारखी घडण असलेला फळांचा वाडगा. हे सारे सासूबाईंनी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले असते. पाहुणे येऊन गेले, स्टीलच्या पेल्यातून पाणी पिऊन गेले, पुढे सासूबाईही गेल्या. पेले मात्र कागदातच राहिले. मग घरातील तरुण मंडळी म्हणतात, "भंगारवाल्याला देऊन टाका, जागा तरी होईल." त्याच आठवड्यात शहरातील मॉलमधून जेवणाच्या टेबलासाठी नवा काचसामान संचही येतो.

या व्यवहाराचा जमाखर्च एकदा शांतपणे मांडून पाहण्यासारखा आहे. जी वस्तू आयुष्यभर जपली ती वजनावर गेली आणि तशीच, बहुधा तिच्याहून पातळ, वस्तू पूर्ण किंमत मोजून आली. वसंतात जेवणाची खोली सजवावी, प्रसन्न करावी, ही इच्छा योग्यच आहे. मात्र त्यासाठी लागणारे भांडवल पुष्कळदा घरातच पडून असते.

काच कपाटात का राहिली?

आपल्या जुन्या घरांत स्वयंपाकघराचे राज्य धातूचे होते. तांबे, पितळ, कासे, चांदी ही भांडी राखेने वा चिंचेने घासली की शुद्ध मानली जात. काच आणि चिनी माती यांकडे अनेक घरांत संशयाने पाहिले जाई. ही भांडी परकी, चौक्यात न चालणारी, फार तर बाहेरच्या खोलीत पाहुण्यांच्या चहासाठी. त्याच काळात मंदिरांच्या सभामंडपात मात्र काचेच्या हंड्या आणि झुंबरे मानाने टांगली जात होती. इंदूरचे प्रसिद्ध काच मंदिर सर सेठ हुकुमचंद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उभारले. त्याच्या भिंती, छत, खांब सारे काचकामाने मढलेले आहे. देवघरी जिचा सन्मान झाला ती काच जेवणघरी संकोचून राहिली, असे म्हणावे लागते.

वरवंड हे संत तुकाराम महाराजांच्या पालखीचे मुक्कामाचे गाव. यवतहून निघालेली पालखी येथे विसावते आणि पुढे उंडवडीकडे जाते. आषाढीच्या त्या वाटेवरच्या गावांत पाहुणचाराची भांडी घराघरांत पुष्कळ असतात. तरी त्यातले काचेचे सामान शोकेसच्या वरच्या फळीवर, कुलूपबंद. फुटेल या भीतीने ते वापरले जात नाही आणि न वापरल्याने कोणाच्या आठवणीतही राहत नाही.

एका पैशाची काच

या पेल्यांमागे महाराष्ट्राचा एक अभिमानास्पद इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी दिव्याच्या चिमणीपासून बांगडीपर्यंत बरीचशी काच परदेशातून येत असे. अंताजी दामोदर काळे यांनी देशी उद्योगांसाठी लोकांकडून एक-एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली आणि लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले. त्या निधीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. जपान व अमेरिकेत काचशास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे लाभले. या कारखान्यात काम शिकलेले कारागीर पुढे देशातील अनेक काच कारखान्यांत पसरले. पुढे ओगले बंधूंनी कराडजवळ काच कारखाना नावारूपास आणला; त्यांच्या वसाहतीचे ओगलेवाडी हे नाव आजही आहे. 'प्रभाकर' कंदील येथलाच. वीज येण्यापूर्वी महाराष्ट्रातील किती तरी घरांत त्याच्या काचेआडच्या उजेडात मुले शिकली.

ओगलेवाडीचा कारखाना पुढे बंद पडला. त्या काळच्या वस्तू आता माळ्यांवर आणि जुन्या बाजारांतच भेटतात. कंदिलाच्या काचा, रुंद तोंडाच्या बरण्या, गोटी सोड्याच्या बाटल्या, बडोद्याच्या 'येरा' छापाचे पेले, आखातातून आलेल्या नातलगाने दिलेल्या दुधी रंगाच्या फ्रेंच 'आर्कोपाल' बशा, हे सारे आपल्या घरगुती इतिहासाचे दस्तऐवजच होत. गोटी असलेल्या बाटलीची युक्ती हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाची, १८७२ सालची. वायूच्या दाबाने गोटी तोंडाशी घट्ट बसते, बुचाची गरज उरत नाही. अमेरिकेतही १९३० च्या मंदीत गुलाबी आणि हिरव्या रंगाची स्वस्त साचेदार काच वाणसामानासोबत भेट म्हणून दिली जाई. तिची किंमत तेव्हा नगण्य होती. आज तेथील संग्राहक ती शोधत फिरतात.

घेताना काय पाहावे?

पहिला शोध आपल्याच माळ्यावर घ्यावा, दुसरा नातलगांकडे. एवढ्यानेही काही उणे भासले तर पुण्यातील मंगळवार पेठेचा जुना बाजार आहे. तो रविवारी आणि बुधवारी भरतो. सकाळी लवकर पोहोचावे, कारण काच पारखायला ऊन हवे.

पेला उजेडासमोर धरून फिरवावा. केसासारखी रेघ दिसली तर ती तडा असते. असा पेला घेऊ नये. काठ पाहण्यासाठी कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. जेथे टवका उडाला असेल तेथे कापसाचा तंतू अडकतो आणि बोट सुरक्षित राहते. अंगावर उभी बारीक रेघ जाणवली तर ती साच्याची खूण होय, दोष नव्हे. काचेत एखादा बुडबुडा असला तर तोही हाताने फुंकलेल्या कामाचा पुरावा असू शकतो.

काठापर्यंत रंगीत चित्रे असलेले जुने पेले केवळ शोभेस ठेवावेत; अशा जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते. वजनदार आणि टिचकी मारताच घंटेसारखी घुमणारी 'क्रिस्टल' काच शिसेयुक्त असू शकते. तीत लिंबू सरबत किंवा लोणचे साठवू नये. पिवळसर हिरवी जुनी काच नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली झगझगीत हिरवी दिसली तर तीत युरेनियमचा अंश असण्याचा संभव आहे. अशी वस्तू शोकेसमध्येच बरी.

शाकाहारी घरांनी एका बाबतीत विशेष सावध राहावे. जुन्या बाजारात काच आणि चिनी माती एकाच ढिगात असते. त्यातील 'बोन चायना' या नावाच्या पांढऱ्या, नाजूक भांड्यांच्या मातीत जनावरांच्या हाडांची राख मोठ्या प्रमाणात असते. भांडे उलटे करून तळाचा शिक्का वाचावा. दुधी रंगाची आजची ओपल काच निराळी. तिची शुभ्रता सामान्यतः फ्लोराइडसारख्या खनिज द्रव्यांमुळे येते. युरोपातील फार जुन्या दुधी काचेत मात्र हाडांची राखही घालीत, म्हणून ज्याचे मूळ ठाऊक नाही असे दुधी भांडे न घेणेच बरे.

दुसरी शंका अधिक नाजूक आहे. बाजारातील पेल्यातून पूर्वी कोणी काय प्यायले असेल? काच सच्छिद्र नसते, ती धुतल्यावर मागचे काही शोषून ठेवीत नाही, हे शास्त्र खरे. तथापि घरातील वडीलधाऱ्यांच्या मनाला ते पटलेच पाहिजे असा आग्रह धरू नये. मद्यासाठी घडवलेल्या सुरया आणि उंच देठाचे पेले ताटाजवळ न ठेवता खिडकीत, धान्याच्या लोंब्यांसाठी वापरावेत. जेवणाच्या वापरात घरचीच काच असावी. असा विभाग केला की घरात वादही होत नाही आणि वस्तूही वाया जात नाही.

धुणे आणि पुसणे

बोअरच्या पाण्याचे क्षार काचेवर पांढरी साय धरतात. कोमट पाण्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून भांडे तासभर ठेवावे, मग मऊ सुती कापडाने पुसावे. घासणीची तार वापरू नये. एवढे करूनही धुरकटपणा राहिला तर काचेचा पृष्ठभागच झिजलेला असतो. तो जात नाही. एकात एक अडकलेले पेले ओढू नयेत. आतल्या पेल्यात गार पाणी भरावे आणि बाहेरचा पेला कोमट पाण्यात धरावा. आतला आकुंचन पावतो, बाहेरचा किंचित प्रसरण पावतो आणि दोन्ही सुटतात. हाच नियम उलट दिशेने घात करतो. जाड काचेत एकदम उकळते पाणी ओतले तर आतला थर फुगतो, बाहेरचा तसाच राहतो आणि पेला तडकतो. म्हणून उकाळ्याचे पाणी धातूच्या भांड्यात पूर्ण निववूनच काचेत घ्यावे.

उजेड, लोंब्या आणि मोकळी जागा

जेवणाच्या खोलीत काच मांडताना प्रथम खिडकी पाहावी. पूर्वेच्या खिडकीत दोन-तीन रंगीत बाटल्या वेगवेगळ्या उंचीच्या ठेवल्या की सकाळच्या नवकारशीच्या वेळी टेबलावर हिरव्या-निळ्या छाया पडतात. पश्चिमेची खिडकी असेल तर सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला तोच लाभ होतो. दिवसाउजेडी जेवणाऱ्या घराला काचेसारखी शोभा दुसरी नाही. परदेशी मासिकांतील मेणबत्त्यांची येथे गरज नाही. उघड्या ज्योतीवर पतंग झेपावतात, ते टळते हेही बरेच.

फुलदाणीसाठी फुले तोडावीत असेही नाही. शाळूची दोन कणसे, गव्हाच्या लोंब्या, करडईची वाळलेली बोंडे जुन्या जगात पाण्याविना महिनोन् महिने टिकतात. अंगणात गळून पडलेल्या बोगनवेलीच्या कागदी पाकळ्या वाडग्यात ठेवल्या तर आठवडाभर रंग धरतात. पाणी साठत नाही, त्यामुळे त्यात कुजणे नाही आणि जीवोत्पत्तीही नाही. झाकण हरवलेल्या बरणीत मूग, मसूर, हरभरा यांचे थर भरावेत. वर सुती कापड बांधावे आणि महिन्याभरात ते धान्य निवडून वापरून टाकावे.

टेबलावर एका वेळी तीनहून अधिक वस्तू नसाव्यात. काचेचे सौंदर्य तिच्याभोवतीच्या मोकळ्या जागेत असते. चैत्रातील आयंबिल ओळीच्या दिवसांत तर रिकामा, स्वच्छ पुसलेला टेबल आणि एक पेलाच पुरे.

संग्रह की वापर?

येथे एक धोका सांगितला पाहिजे. जुन्या वस्तूंचा शोध हा छंद लागला की तो थांबत नाही, आणि स्वस्त मिळते म्हणून घेतलेली वस्तूही परिग्रहच ठरते. दिनकर केळकरांनी पुण्यात दिवे, अडकित्ते, भांडी आयुष्यभर जमवली. ती पुढे शासनाच्या स्वाधीन झाली आणि आज सर्वांना पाहता येतात. संग्रह करणे हे संग्रहालयाचे काम आहे. घराने वापर करावा. बाजारातून एक भांडे आणले तर घरातले एक कोणाला तरी द्यावे, हा साधा ताळेबंद सांभाळला तर कपाट भरत नाही.

वापरताना एखादा पेला फुटेलच. फुटलेल्या काचा उघड्या टाकू नयेत; गाय तोंड घालते, सफाई करणाऱ्याचा हात कापतो. जाड कागदात गुंडाळून, वर 'काच' असे लिहून त्या वेगळ्या द्याव्यात. काच पुन्हा भट्टीत जाते, वितळते आणि नवी होते. तिचे नुकसान तेवढेच. कागदात गुंडाळून चाळीस वर्षे पडून राहणे, हे नुकसान मात्र भरून येत नाही.

वसंताचा हा काळ अक्षय तृतीयेला एका सुंदर टप्प्यावर येतो. भगवान ऋषभदेवांच्या दीर्घ उपवासाचे पारणे हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांनी इक्षुरसाने घडवले, ते या दिवशी; म्हणून वर्षीतप करणारे या दिवशी उसाच्या रसाने पारणे करतात. वरवंड-पाटसचा हा टापू उसाचाच. पारण्याचा विधी परंपरेच्या पात्रानेच व्हावा. त्यानंतर घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रस द्यायचा तो सासूबाईंच्या त्या नक्षीदार जगातून आणि त्या सहा पेल्यांतून द्यावा. ताज्या रसाचा हिरवट सोनेरी रंग स्टीलमध्ये कधी दिसला नव्हता. घरातील एखादे लहान मूल विचारील, "हे ग्लास कोणाचे?" मग ज्यांनी ते जपले त्यांचे नाव त्या टेबलावर घेतले जाईल. भंगाराच्या वजनकाट्यावर ते कोणीही घेणार नव्हते.