जुन्या वर्कस्टेशनला नवीन हार्डवेअर कसे ओळखायला शिकवतात? – बायोस बदलाचा पाठ



मोठ्या कंपन्या काही वर्षे वापरून झालेली वर्कस्टेशन विकून टाकतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात अशी यंत्रे नव्याच्या मानाने बऱ्याच कमी किमतीत मिळतात. झिऑन प्रोसेसर, भरपूर रॅम, दणकट पेटी! व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी शिकणाऱ्या मुलांना असं यंत्र म्हणजे पर्वणीच. पण घरी आणल्यावर कोणी त्यात नवीन एनव्हीएमई एसएसडी बसवतो आणि त्यावरून विंडोज सुरूच होत नाही. कोणी त्याच सॉकेटचा पुढचा प्रोसेसर विकत घेतो आणि स्क्रीन काळीच राहते. मग "बोर्ड जुना आहे, जाऊ द्या" असं म्हणून यंत्र भंगारात जातं.

खरंच बोर्ड कमी पडला का? की त्याला फक्त नवीन वस्तूची ओळख नव्हती? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तो फरक ओळखता आला तर तुमचे पैसे वाचतील आणि चांगले यंत्रही वाचेल. म्हणून आजचा पाठ नीट वाचा.

फर्मवेअर म्हणजे काय?

मदरबोर्डवर आठ पायांची एक छोटी फ्लॅश चिप असते. तिच्यात जो प्रोग्राम कायमचा लिहिलेला असतो त्याला फर्मवेअर म्हणतात. आपण सवयीने त्याला बायोस म्हणतो. आजचा त्याचा प्रकार म्हणजे यूईएफआय. पॉवरचे बटन दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्स येण्याआधी हाच प्रोग्राम चालतो.

त्याचे काम टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या टप्प्यात प्रोसेसर जागा होतो. दुसऱ्यात, म्हणजे पीईआय टप्प्यात, रॅम कामाला लावली जाते. तिसरा टप्पा डीएक्सई. यात एकेक ड्रायव्हर चालू होतो : कीबोर्डचा, यूएसबीचा, साटा डिस्कचा. शेवटच्या टप्प्यात ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या डिस्कवर आहे ते शोधून तिच्या हाती कारभार दिला जातो.

आता लक्षात घ्या, डीएक्सई टप्प्यात ज्या वस्तूचा ड्रायव्हरच नाही, ती वस्तू फर्मवेअरला दिसत नाही. हजेरीपटावर नाव नसलेला मुलगा वर्गात बसलेला असला तरी त्याची हजेरी लागत नाही, तसंच हे.

पहिले उदाहरण : एनव्हीएमई एसएसडी

एनव्हीएमईचे पहिले प्रमाण २०११ साली आले. त्याच सुमारास इंटेलचे एक्स७९ आणि सी६०२ हे चिपसेट असलेले वर्कस्टेशन बोर्ड बाजारात आले. तेव्हा एनव्हीएमई डिस्क सामान्य ग्राहकाकडे नव्हतीच, त्यामुळे या बोर्डांच्या मूळ फर्मवेअरमध्ये तिचा ड्रायव्हर घालण्याचे कारणही नव्हते.

पण हार्डवेअर बघा. एनव्हीएमई डिस्क पीसीआय एक्सप्रेसच्या चार लेनवर चालते. त्या काळच्या झिऑन ई५ प्रोसेसरमध्ये अशा ४० लेन आहेत. साध्या ॲडॅप्टर कार्डावर डिस्क बसवून स्लॉटमध्ये घातली की विजेची आणि तारांची जोडणी पूर्ण झाली. साटा एसएसडीचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जातो. तिसऱ्या पिढीच्या लेनवर चांगली एनव्हीएमई डिस्क ३००० एमबीच्या पुढे जाते.

गंमत म्हणजे साटा डिस्कवरून विंडोज १० सुरू केले, तर हीच एनव्हीएमई डिस्क आत व्यवस्थित दिसते. कारण विंडोज १० कडे स्वतःचा ड्रायव्हर आहे. अडतं ते फक्त सुरुवातीच्या काही सेकंदांत, जेव्हा विंडोज अजून आलेलेच नसते. म्हणजे इथे बोर्डाची ताकद कमी नाही, एक ड्रायव्हर कमी आहे. आणि ड्रायव्हर घालता येतो.

ड्रायव्हर कसा घालतात?

या काळातल्या अनेक बोर्डांवर एएमआय कंपनीचे ॲप्टिओ फर्मवेअर असते. त्यावर काम साधारण असे होते :

१. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आपल्याच मॉडेलची शेवटची बायोस फाइल घ्यायची.

२. ती यूईएफआयटूल किंवा एमएमटूल या प्रोग्राममध्ये उघडायची. आत कप्प्यांत कप्पे दिसतात. डीएक्सई ड्रायव्हर एका कप्प्यात ओळीने ठेवलेले असतात.

३. त्या ओळीच्या शेवटी एनव्हीएमईचा ड्रायव्हर घालायचा. त्याचे नाव एनव्हीएम एक्सप्रेस डीएक्सई.

४. नवीन फाइल जतन करून पुन्हा उघडायची आणि मूळ फाइलशी ताडून पाहायची. बाकीचे सगळे ड्रायव्हर आणि मधल्या रिकाम्या जागा भरणाऱ्या पॅड फाइल जशाच्या तशा आहेत ना? एखादी पॅड फाइल गायब झाली असेल तर ती फाइल वापरायची नाही.

५. मग ती चिपमध्ये लिहायची. काही बोर्डांवर यासाठी पेन ड्राइव्हवरून बायोस लिहिण्याचे खास बटन असते. नसेल तर बाहेरून प्रोग्रामर जोडावा लागतो.

काम जमले की बूट यादीत एक नवीन नाव येते. ॲप्टिओच्या जुन्या पिढीत ते बऱ्याचदा डिस्कच्या कंपनीचे नाव नसून नुसते "पाटा" असे दिसते. घाबरू नका, तीच आपली डिस्क. विंडोज मात्र जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर, यूईएफआय मोडमध्येच टाकावे लागते. ते टाकून झाले की यादीत "विंडोज बूट मॅनेजर" असे नाव येते आणि बूट त्यावरून होते.

दुसरे उदाहरण : त्याच सॉकेटचा पुढचा प्रोसेसर

हे उदाहरण जरा अवघड आहे. एचपीची झेड४२०, झेड६२० आणि झेड८२० ही वर्कस्टेशन २०१२ साली आली. त्यांत झिऑन ई५-२६०० मालिकेचा प्रोसेसर बसतो. त्यात जास्तीत जास्त ८ कोअर. २०१३ मध्ये इंटेलने याच एलजीए२०११ सॉकेटसाठी व्ही२ मालिका आणली. तीत १२ कोअरपर्यंतचे प्रोसेसर आहेत. सॉकेट तेच, मग बसवला की चालला, असं वाटतं ना?

तसं नाही. या यंत्रांच्या फर्मवेअरमध्ये बूट ब्लॉक नावाचा एक भाग आहे. सुरुवातीच्या बोर्डांवर त्याची तारीख २८ डिसेंबर २०११ आहे, नंतरच्या बोर्डांवर ६ मार्च २०१३. व्ही२ प्रोसेसर फक्त २०१३ च्या बूट ब्लॉकवर चालतो. आणि नेहमीचे बायोस अपडेट केले तरी हा बूट ब्लॉक बदलत नाही. बाहेरून सारखी दिसणारी दोन यंत्रे, पण एकात प्रोसेसर चालेल आणि दुसऱ्यात नाही! म्हणून विकत घेण्याआधी यंत्र सुरू करताना एफ१० दाबा, फाइल मेनूतील सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि बूट ब्लॉकची तारीख वाचा. दोन मिनिटांचे काम आहे.

इथे नुसता एक ड्रायव्हर घालून का भागत नाही? कारण प्रोसेसरची गरज अगदी पहिल्या टप्प्यापासून असते. फर्मवेअरमध्ये प्रत्येक प्रोसेसरसाठी मायक्रोकोड नावाचा दुरुस्ती-संच असतो आणि तो प्रोसेसरच्या ओळख क्रमांकाशी जुळावा लागतो. पहिल्या मालिकेचा क्रमांक २०६डी७, व्ही२ चा ३०६ई४. शिवाय रॅम सुरू करणारा कोडही नव्या प्रोसेसरसाठी तयार असावा लागतो. म्हणजे पायाच बदलावा लागतो. जाणकारांनी चिप थेट लिहून असे बदल केलेले आहेत, पण नवशिक्याने इथून सुरुवात करू नये.

जे शिकवून येत नाही

व्ही३ मालिकेचा झिऑन एलजीए२०११-३ सॉकेटचा आहे आणि त्याला डीडीआर४ रॅम लागते. जुन्या बोर्डावर डीडीआर३ चे स्लॉट आहेत. इथे कितीही फर्मवेअर बदला, काही उपयोग नाही. तारांची जोडणीच वेगळी आहे.

दुसरी मर्यादा कुलपाची. २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून इंटेलने बूट गार्ड आणले. ज्या बोर्डावर उत्पादकाने ते चालू केले आहे, तिथे सुरुवातीचा कोड उत्पादकाच्या सहीशी ताडला जातो. सहीची खूण चिपसेटमध्ये कायमची कोरलेली असते, ती पुसता येत नाही. संरक्षित भागात कोणी बदल केला तर यंत्र सुरू होण्यास नकार देऊ शकते. हे कुलूप आपल्या सुरक्षिततेसाठीच आहे, कारण फर्मवेअरमध्ये शिरलेला व्हायरस डिस्क फॉरमॅट करूनही जात नाही.

सर्वांत महत्त्वाचे : मूळ प्रत

फर्मवेअर लिहिताना वीज गेली किंवा फाइल चुकीची निघाली, तर यंत्र निर्जीव होते. पंखे फिरतात, स्क्रीन काळी. अशा वेळी एकच गोष्ट वाचवते, ती म्हणजे चिपमधून आधी वाचून ठेवलेली मूळ प्रत.

त्यासाठी सीएच३४१ए नावाचा छोटा, स्वस्त प्रोग्रामर आणि चिपला लावायचा चिमटा वापरतात. यंत्राची वायर काढायची, बोर्डावरची बटन बॅटरी काढायची आणि मगच चिमटा लावायचा. चिप किती व्होल्टची आहे ते तिच्या क्रमांकावरून आधी तपासा. ३.३ व्होल्टच्या चिपा नेहमीच्या, पण १.८ व्होल्टच्याही असतात. या प्रोग्रामरच्या काळ्या रंगाच्या एका प्रकारात डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, तो टाळलेला बरा.

चिप दोनदा वाचा. दोन्ही फाइल तंतोतंत सारख्या आल्या पाहिजेत. १२८ मेगाबिटची चिप असेल तर फाइल बरोबर १६ एमबी, म्हणजे १,६७,७७,२१६ बाइटची हवी. दोन फाइल जुळल्या नाहीत तर चिमटा नीट बसलेला नाही, असे समजा. जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

"दुसऱ्याची प्रत इंटरनेटवरून घेतली तर?" असा प्रश्न मुले विचारतात. त्याचे उत्तर असे : त्याच चिपमध्ये तुमच्या यंत्राचा अनुक्रमांक आणि नेटवर्कचा मॅक पत्ताही असू शकतो. दुसऱ्याची प्रत जशीच्या तशी लिहिली तर तुमच्या यंत्राची ओळख पुसली जाते. एका लॅबमध्ये एकाच मॅक पत्त्याची दोन यंत्रे आली की नेटवर्कचा गोंधळ होतो. म्हणून स्वतःच्या यंत्राची प्रत ती स्वतःचीच.

मग करावे की नाही?

पायऱ्या अशा चढा. आधी उत्पादकाचे अधिकृत अपडेट आहे का ते पाहा. नसेल तर फर्मवेअरला हात न लावता काम होते का ते पाहा. उदाहरणार्थ, एनव्हीएमईसाठी क्लोव्हर हा बूटलोडर पेन ड्राइव्हवर ठेवता येतो. तो आधी सुरू होतो, ड्रायव्हर स्वतः पुरवतो आणि मग डिस्कवरून विंडोज चालू करतो. लिनक्समध्ये तर बूटचा छोटा भाग साटा डिस्कवर आणि बाकी सगळे एनव्हीएमईवर ठेवता येते. एवढ्याने भागले तर चिप उघडायची गरजच नाही. नाहीच भागले, मूळ प्रत हातात आहे आणि यंत्र स्वतःचे आहे, तरच फर्मवेअर बदला. शाळेचे किंवा ऑफिसचे यंत्र असेल तर लेखी परवानगीशिवाय नाही.

स्वाध्याय

१. एनव्हीएमई डिस्क विंडोजमध्ये दिसते पण तिच्यावरून बूट होत नाही. कारण सांगा.

२. बूट ब्लॉक २०११ चा असलेल्या झेड४२० साठी मित्र व्ही२ प्रोसेसर विकत घेत आहे. त्याला काय सल्ला द्याल?

३. चिप दोनदा का वाचावी?

४. आपल्या घरच्या संगणकाच्या बायोसची आवृत्ती व तारीख शोधून वहीत लिहा. फक्त वाचा हं, काही बदलू नका!